गुलाबरावांची पत्र्याखालची खुर्ची

मी दारू पीत नाही. पण भिवंडीत आलेल्या कापडाच्या व्यापाऱ्यांनी संध्याकाळी कुठे बसून प्यावी, हे ठरवण्याचा पगार मी चार वर्षं घेतला. हे वाक्य मी आईसमोर आजवर उच्चारलेलं नाही. दिवाळी अंक आमच्या घरी येतो आणि ती तो पहिल्या पानापासून जाहिरातींसकट वाचते. तेव्हा इथेच सांगून टाकतो: आई, मी कापडाच्या पेढीत नोकरीला आहे असं तुला म्हणायचो ते खोटं नव्हतं. फक्त माझं काम सुरू व्हायचं ते पेढी बंद झाल्यावर.

वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. मी अक्षरं शिकलो ती अंकलिपीवर कमी आणि रद्दीत पडलेल्या पत्रकांवर जास्त. कामगारांना आठ तासांचीच पाळी हवी, दारू हा गरिबाचा वैरी आहे, स्त्री ही पुरुषाच्या बरोबरीची आहे: ही माझी बाराखडी. पंधराव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहायला लागलो. त्यात उद्गारचिन्हं इतकी असायची की छापखान्यातला तो खिळा संपायचा, आणि वडील म्हणायचे, "जरा सावकाश चीड, दुसऱ्यांचीही कामं आहेत."

अशा मुलाला पांडूशेठनी कामावर ठेवलं ते मी पीत नाही म्हणूनच. पांडूशेठ मूळचे मानकोलीचे शेतकरी. भातखाचरं थोडी विकून त्यांनी पूर्णा गावात रस्त्याला लागून शेड बांधली आणि चोवीस माग बसवले. आधीचा माणूस पाहुण्याच्या आधी आडवा व्हायचा, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "मना शुद्धीतला माणूस पायजे. पाहुणा काय बोलला, कवा हसला, कवा गप बसला, समदं सकाली मना सांगायचं." मी मनाशी म्हटलं, शत्रूच्या गोटात एक तत्त्वनिष्ठ माणूस असणं चळवळीच्या हिताचंच आहे. पगार चांगला होता, हेही मनाशीच म्हटलं.

बाहेरच्या वाचकाला हा धंदा थोडा समजावून सांगायला हवा. भिवंडीत विणलं जातं ते मांजरपाट, म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड. ते घ्यायला इंदूर, हुबळी, अकोला अशा ठिकाणचे व्यापारी यायचे. दिवसभर ते पेढ्या-पेढ्यांतून हिंडत, कापड चुरगळून, उजेडात धरून बघत. भाव ऐकत, पण हो किंवा नाही म्हणत नसत. संध्याकाळी ज्याच्याबरोबर बसायचं त्याच्याबरोबर बसत, आणि तिथे धंद्याचा एक शब्दही काढायचा नाही असा दंडक होता. सकाळी निघण्यापूर्वी सौदा सांगत. म्हणजे सगळं ठरायचं ते त्या दीड-दोन तासांत, जेव्हा कोणी त्याबद्दल बोलत नसे.

परमिट रूम म्हटलं की लोकांना लाल दिवा आणि अंधार दिसतो. मी आत शिरलो की आधी मोरी बघायचो. मोरी स्वच्छ असेल तर ग्लासही धुतलेले असतात. उलट कधी पाहिलं नाही. मग पंखा. खडखडणाऱ्या पंख्याखाली माणूस ओरडून बोलतो आणि ओरडून बोलणारा लवकर दमतो. दिवा फार उजेडाचा असला तर हुबळीचा व्यापारी कचेरीत बसल्यासारखा ताठ बसायचा. फार मंद असला तर आपल्याला इथे का आणलं असा संशय घ्यायचा. सोडा समोर फोडायला हवा. शाकाहारी पाहुण्याच्या शेजारच्या टेबलावर तळलेले बोंबील यायला नकोत. आणि वेटर असा हवा की बोलावलं तर दिसेल, न बोलावलं तर नसेल. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या यच्चयावत परमिट रूम मला अशा पाठ होत्या. पेल्यात काय आहे ते सोडून सगळ्याची पारख मला होती.

गिऱ्हाइकंही एकेक. इंदूरच्या एका तरुण व्यापाऱ्याने सिनेमात बघितलेलं रंगीत कॉकटेल मागितलं, वर छत्री असलेलं. पूर्ण्याच्या पत्र्याच्या परमिट रूमचे मालक अण्णा उडुपीकडचे. त्यांनी 'नाही' हा शब्द धंद्यात कधी वापरला नाही. आत जाऊन त्यांनी जिन, मोसंबीचा रस आणि खसचं सरबत एकत्र केलं आणि छत्रीच्या जागी कढीपत्त्याची डहाळी खोचली. तो माणूस पुढच्या वर्षी तेच मागायला आला. मी त्याला कल्याणच्या उत्तम हॉटेलात नेलं तर तिथल्या बारवाल्याला त्याने सुनावलं की तुम्हाला कढीपत्ता माहीत नाही, मग कॉकटेल काय बनवणार.

एकदा गणेशपुरीच्या आश्रमातून परतणारी दोन गोरी माणसं, नवराबायको, एस.टी. चुकली म्हणून अण्णांकडे शिरली. महिनाभर मौन आणि मुगाची खिचडी झाली होती. बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "वाइन?" अण्णांकडे वाइन नव्हती. नवऱ्याने थंड बियर मागवली आणि दोघांनी मिळून ती इतक्या भक्तिभावाने प्यायली की शेजारच्या टेबलावरच्या ट्रक ड्रायव्हरने टोपी काढली.

पण मला सांगायचं आहे ते गुलाबरावांबद्दल, आणि खरं तर त्यांच्या बायकोबद्दल.

गुलाबराव अकोल्याचे कापडदुकानदार. वर्षातून दोनदा यायचे. मी त्यांना ठाण्याचं सांगितलं, कल्याणचं सांगितलं, ते म्हणायचे, "इथंच बसू ना, अण्णाकडे." अण्णांची जागा म्हणजे पूर्ण्याच्या रस्त्याकडेला चार भिंती, वर पत्रे, आठ टेबलं. समोर रस्त्यापलीकडे आमची मागांची शेड. माग चालू असले की टेबलावरचा पेला थरथरायचा. दारालगत एक खुर्ची होती, मागचा पाय अर्धा इंच आखूड. गुलाबराव तिच्यातच बसायचे. एक पेग गरम पाण्यातून, दीड तास. बोलणं जवळजवळ नाही. मी त्यांना कंजूष समजायचो. माझ्या वहीत प्रत्येक पाहुण्याची आवडनिवड लिहिलेली असे. त्यांच्यासमोर मी लिहिलं होतं, 'अभिरुची: नाही.' हे मला आज आठवलं की कानांच्या पाळ्या गरम होतात.

गुलाबराव गेल्याचं कार्ड आलं. त्यानंतर वर्षभराने, भर मंदीत, त्यांच्या पत्नी सुमनताई एकट्या पेढीत आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी, हातात रेक्झिनची पिशवी. दुकान आता त्या चालवत होत्या.

ती मंदी कशी होती ते सांगायला हवं. आमच्या चोवीसपैकी दहा माग चालू होते. एक कारागीर दोन माग बघतो, म्हणजे चौदा माग बंद म्हणजे सात माणसं घरी. घरी म्हणजे पूर्ण्याच्या खोल्यांत, एकेका खोलीत दहा-बारा जण. त्यांच्यातले काही मुलखाकडे परतायच्या बेतात होते. पण शेठजी व्यापाऱ्यासमोर मंदी कबूल करत नसत. रिकाम्या दुकानात कुणी शिरत नाही, हा त्यांचा सिद्धांत. त्यांनी सुमनताईंना ठणकावून सांगितलं की चोवीसच्या चोवीस माग चालू हाईत, दम खायला वेल न्हाय, पण तुमच्यासाठी कसंबसं बघू.

सुमनताईंनी कापड चुरगळलं, उजेडात धरलं, भाव ऐकला. हो-नाही काहीच म्हणाल्या नाहीत. दाराशी जाऊन वळल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमचे हे संध्याकाळी तुमच्यासंग बसायचे ना? मीही बसते. जिथं ते बसायचे तिथंच. अन् मले ते कडू नको. ती वाइन का काय म्हणतात, ती चालेल."

माझ्या डोक्यात दोन पत्रकं एकमेकांवर आदळली. एक म्हणत होतं, दारू संसाराची राखरांगोळी करते. दुसरं म्हणत होतं, जे पुरुषाला ते स्त्रीला. दोन्ही मीच लिहिली होती, दोन्हींना तीन-तीन उद्गारचिन्हं होती. मी म्हणालो, "जरूर, ताई."

शेठजींनी मला गोदामात ओढलं. त्या बाईला पत्र्याखाली, ट्रकवाल्यांत बसवलं तर आपलं तोंड काळं होईल, असं त्यांचं म्हणणं. "ठाण्याला ने. चांगल्या हॉटेलात. तिला काय ठावं नवरा कुठं बसायचा."

इथे मी शेठजींवर सगळं ढकलू शकतो, पण ढकलणार नाही. मलाही तेच हवं होतं. चार वर्षं मी जी पारख कमावली ती दाखवायची अशी संधी पुन्हा कधी येणार? ठाण्याला तलावाकाठी एक हॉटेल होतं, मागे बाग, कारंजं, पांढरे टेबलक्लॉथ, मोरीत आरसा. टॅक्सीने आम्ही साडेसहाला पोचलो. एका दिवसाचं परमिट काढायला फॉर्म भरावा लागतो. तिथला कारकून बाईंकडे न बघता मला विचारत होता, कशासाठी हवी, प्रकृतीला काय होतंय? सुमनताई म्हणाल्या, "लिहा, कापडाचा धंदा." त्याने खरंच लिहिलं.

गोव्याची गोड लाल पोर्ट वाइन आली. सुमनताईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, कोकमाच्या सरबतात कोणीतरी पाप केल्यासारखं लागतं. पण वाईट नाही. मी त्यांना सांगितलं की गुलाबराव नेहमी इथेच बसायचे, अगदी याच टेबलाशी, कारंज्याकडे तोंड करून. मी हे इतक्या सफाईने बोललो की मलाच कौतुक वाटलं.

त्यांनी पेला खाली ठेवला. टेबलावर हात पालथा ठेवला आणि तसाच ठेवून थोडा वेळ बसल्या.

"हे थरथरत नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, काय?

"टेबल. हे म्हणायचे, तिथं पेला हातात धरून बसावं लागते, इतका थरथरते. अन् माग ऐकू येतात. कान दिला की अंदाज लागते किती चालू आहेत ते. म्हणून तर तिथं बसायचे. दिवसा कापड दाखवतात, ते म्हणायचे, संध्याकाळी माग ऐकायचे." मग माझ्याकडे नीट बघून: "पोरा, तू खोटं कायले बोलला? मी तुले नवरा कुठं बसायचा एवढंच तर विचारलं होतं."

पत्रकांवर वाढलेल्या मुलाला ऐकून घ्यायला यापेक्षा जड वाक्य नाही. मी खूप बोललो. जागा खराब, ट्रकवाले, तुमचा मान, असं काहीतरी. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या की मान ठेवायचा तर विचारून ठेवावा. मुक्काम त्या एका दिवसाने वाढवणार होत्या. उद्या तिथे. नाहीतर परवाच्या गाडीने अकोला, आणि सौदा दुसरीकडे.

परतीच्या टॅक्सीत कशेळीच्या पुलावर मला उमगलं. वहीत ज्याला मी अभिरुची नाही म्हटलं होतं, तो माणूस त्या सगळ्या पट्ट्यातली एकमेव कामाची खुर्ची निवडून बसला होता. मी मोऱ्या बघत होतो.

सकाळी शेठजींना सगळं सांगणं भाग होतं, कारण तेच माझं काम. त्यांनी क्षणभर विचार केला आणि मांडीवर थाप मारली. संध्याकाळी चोवीसच्या चोवीस माग चालवायचे. सूत नसलं तरी रिकामे चालवायचे. आवाज तर येईल.

आमच्या शेडचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर, रमजानचाचा. हे ऐकून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. माग रिकामा चालवला की आडवं सूत नेणारा धोटा नुसता इकडून तिकडे आपटतो, लाकूड फुटतं, चामडं तुटतं. "शेठ, ये मशीन है, ढोल नहीं," ते म्हणाले. शेठजी म्हणाले की दोन तास ढोल समज.

मग मी भांडलो. आयुष्यात इतका मोठ्याने मी कधीच भांडलो नव्हतो, आणि मोठ्याने भांडायची मला सवय आहे. एकदा खोटं पकडलं गेलं, आता यंत्रांकडून खोटं बोलवून घेता? शेठजींनी मला संपू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "तुझी पत्रकं खिशात ठेव. बाईनं सौदा केला तर चौदा मागांना सूत आनतो. सात पोरं कामाला येतील. न्हाय केला तर ती सात जणं मुलुखाला जातील. जा, त्यांना सांग तुझं खरंखोटं."

आठ तासांच्या पाळीवर मी पानंच्या पानं लिहिली होती. शून्य तासांच्या पाळीवर एक ओळ नव्हती. त्या सात जणांना एका संध्याकाळपुरतं बोलावणं गेलं: या, आणि रिकाम्या मागांसमोर उभे राहा.

संध्याकाळी साडेसहाला मी सुमनताईंना अण्णांकडे घेऊन गेलो. ठाण्याहून पोर्ट वाइनची बाटली मी दुपारीच आणून ठेवली होती. अण्णांनी आत फॅमिलीसाठी म्हणून पडदा लावलेला एक कोपरा केला होता. ते पडदा धरून उभे राहिले. सुमनताई त्यांना नमस्कार करून सरळ दारालगतच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची मागे झुकली. त्या सावरल्या आणि हसल्या. "याच्याबद्दल सांगितलं नव्हतं."

हॉलमध्ये तेव्हा पंधराएक माणसं होती. मी अशी शिस्त कुठल्याच सभेत पाहिलेली नाही. बिड्या विझल्या. पाय खाली आले. एकाने आपला ग्लास टेबलाखाली धरला आणि अण्णांकडे मोठ्याने चहा मागितला. अण्णांकडे चहा मिळत नाही हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मात्र आपला पेला उचलून सुमनताईंकडे बघून मान हलवली, "बसा, बय. वारा इथंच बरा हाय." आणि हळूहळू सगळे पुन्हा प्यायला लागले, जरा हळू आवाजात. मी लिहिलेल्या बरोबरीच्या सगळ्या पत्रकांनी मिळून जे झालं नव्हतं ते त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात केलं.

समोरच्या शेडमध्ये चोवीस माग धडधडत होते. पेला थरथरत होता. सुमनताईंनी तो दोन्ही हातांत धरला होता आणि डोळे मिटले होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. पाच मिनिटं गेली असतील. मग त्यांनी डोळे उघडले, रस्त्यापलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सगळेच चालू आहेत की."

"हो," मी म्हणालो. एवढंच. काम झालं होतं. सात माणसं कामावर आली होती, निदान हिशेबाने. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मी ज्या नोकरीत शिकलो होतो तीच ही नोकरी होती.

सुमनताईंनी पेला बाजूला सरकवला. अर्धाच झाला होता. पिशवीची चेन ओढली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं की काय ते मला कळेना. मला एवढंच दिसत होतं की ही बाई आपल्या नवऱ्याच्या जागी बसून त्याच्यासारखं ऐकायला आली आणि आपण तिला ढोल ऐकवला.

"ताई," मी म्हणालो, "चौदा रिकामे आहेत."

त्यांनी चेनवरचा हात थांबवला.

मी सांगून टाकलं. दहाच मागांवर कापड आहे. बाकीचे तुमच्यासाठी नुसते फिरवलेत. मंदी आहे. सात जणांना काम नाही, त्यांना आज आवाज करायला बोलावलंय. तुम्ही दुसरीकडे सौदा केलात तरी चालेल, पण नवऱ्याच्या खुर्चीत बसून खोटं ऐकून जाऊ नका. बोलताना माझा आवाज चढला असणार, कारण हॉल पुन्हा गप्प झाला होता.

सुमनताईंना हसू यायला लागलं. आधी थोडं, मग पदर तोंडाला लावावा लागला इतकं.

"अरे, मी निघाली होती," त्या म्हणाल्या. "सगळे माग चालू म्हटल्यावर मी इथं माल सांगून काय करू? माझा नंबर कधी लागणार? लग्नसराई संपल्यावर कापड आलं तर ते मी कोणाले विकू? आमच्या यांना एकदा असंच एका भरल्या शेडीनं दोन महिने लटकवलं. तेव्हापासून ते बंद माग शोधत फिरायचे. जिथं माग बंद, तिथं वेळेवर माल. भावही नीट." मग पदराने डोळे पुसून: "तुमच्या शेठला एवढं विचारता नाही आलं, की बाई, तुम्हाला काय ऐकायचं आहे?"

तेव्हा मला आठवत गेलं की गुलाबरावांनी आमच्याकडे मोठे सौदे केले ते नेमके वाईट दिवसांत. चांगल्या दिवसांत ते एक पेग पिऊन, आभार मानून निघून जायचे, आणि सकाळी शेठजी मला विचारायचे, पाहुण्याला काय कमी पडलं? मी जागेला दोष द्यायचो.

सुमनताई म्हणाल्या की आता मला खरं ऐकू दे. मी रस्ता ओलांडून धावलो. शेठजी शेडच्या दारात उभे होते. बाईंनी सौदा केला का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रिकामे बंद करा मग करतील. ते माझ्याकडे बघत राहिले, पण रमजानचाचांनी त्यांच्या उत्तराची वाट बघितली नाही. ते रांगेतून चालत गेले आणि एकेक माग थांबवत गेले. आवाज विरळ होत गेला, कापड झिजून त्याची जाळी होते तसा. मी परत आलो तेव्हा सुमनताईंनी पेला पुन्हा हातात घेतला होता आणि बोटांवर मोजत होत्या.

"दहा," त्या म्हणाल्या. "किंवा नऊ. यांच्यासारखा कान नाही माझा." आणि अण्णांना खूण केली की थोडी आणखी घाला.

धंद्याचा शब्द काढायचा नाही हा दंडक त्यानंतर त्यांनी पाळला. अण्णांना अकोल्याच्या मिरचीबद्दल सांगितलं, म्हाताऱ्या शेतकऱ्याला भाताबद्दल विचारलं. वाइन दुसऱ्या पेल्यानंतर कशी लागते असं मी विचारलं, तर म्हणाल्या की पाप जरा कमी झालं.

सकाळी पेढीत त्यांनी सौदा सांगितला. चौदा माग तीन महिने चालतील इतका. एकच अट घातली: माल किती दिवसांत देणार ते खरं सांगायचं, नाही जमलं तर नाही म्हणायचं. शेठजींनी मान डोलावली. त्या गेल्यावर मात्र ते गादीवर टेकले. "म्हंजे इतकी वरसं," ते म्हणाले, "आपुन ओरडून ओरडून गिऱ्हाईक पलवीत होतो?" माझीही चार वर्षं त्या 'आपुन'मध्ये होती.

त्यांनी मला सायकल दिली आणि त्या सात जणांना बोलवायला पाठवलं. सहा जण खोल्यांतच सापडले. सातवा, शकूर नावाचा, पंचविशीचा, खोलीबाहेर ओट्यावर वळकटीला दोरी बांधत होता. ट्रंक शेजारी उभी होती. दुपारच्या गाडीने तो निघणार होता. मी सायकलवरूनच सांगितलं की शेठनी बोलावलंय, सगळे माग सुरू होणार आहेत.

तो उठला नाही. दोरीचं टोक हातात धरून माझ्याकडे वर बघत त्याने विचारलं,

"खाली चलाने हैं, कि भर के?"

"भर के," मी म्हणालो.

त्याने गाठ सोडली.